‘रोर’चं प्रकरण : शूटिंग संपलं, सिंह उरले

माणसं आणि जंगली जनावरं यांच्यावरच्या कौटुंबिक सिनेमांचा शेवट बहुतेक ठरलेला असतो. जनावर रानात परत जातं, घरातली माणसं डोळे पुसतात, थिएटरात दिवे लागतात. ‘रोर’ या अमेरिकी सिनेमाचं प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, ते दिवे लागल्यानंतरच्या भागासाठी. कल्पना सुचल्यापासून सिनेमा तयार होईपर्यंत ११ वर्षं गेली, १ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाले आणि पडद्यावरच्या कुटुंबाच्या भूमिकेत एक खरंखुरं कुटुंबच उभं राहिलं. १९८१ साली सिनेमा प्रदर्शित झाला आणि साफ पडला. आज त्याची ओळख ‘जगातलं सर्वांत धोकादायक शूटिंग’ अशी करून दिली जाते. ही ओळख खोटी नाही, पण ती माणसांच्या जखमांपाशी थांबते. जखमा भरल्या, पैसा बुडाला, नवरा-बायको वेगळे झाले. सिनेमासाठी गोळा केलेल्या आणि वाढवलेल्या शंभरावर जनावरांना मात्र जायला जागाच नव्हती. माझ्या दृष्टीनं या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

माणसं आणि ते घर

टिपी हेड्रन म्हणजे हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’ (१९६३) आणि ‘मार्नी’ (१९६४) या सिनेमांची नायिका. तिचा दुसरा नवरा नोएल मार्शल आधी तिचा एजंट होता, पुढे ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) या तुफान चाललेल्या सिनेमाचा कार्यकारी निर्माता झाला. हेड्रनला पहिल्या लग्नाची मुलगी, मेलनी ग्रिफिथ, जी पुढे स्वतः मोठी अभिनेत्री झाली. मार्शलला पहिल्या लग्नाचे तीन मुलगे: जोएल, जॉन आणि जेरी.

१९६९ साली हेड्रन एका सिनेमाच्या शूटिंगसाठी आफ्रिकेत होती. त्या मुक्कामात दोघं मोझांबिकमधलं गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यान पाहायला गेले. तिथे पूरपट्ट्यात बांधलेलं एक घर होतं. पावसाळ्यात पाणी भरायचं म्हणून माणसांनी ते सोडून दिलं आणि सिंहांच्या कळपानं ताब्यात घेतलं. गच्चीवर सिंह, दारात सिंह, जिन्यावर छावे. उद्यानातले लोक आजही त्या जागेला सिंहांचं घर म्हणतात. जोडप्याला तिथेच सिनेमाची कल्पना सुचली. आफ्रिकेत सिंह-वाघांबरोबर राहणाऱ्या एका संशोधकाला भेटायला त्याची बायको आणि मुलं शिकागोहून येतात. तो त्यांना आणायला गेलेला असतो, चुकामूक होते, आणि घराचं दार उघडल्यावर आत दिसतात जनावरंच जनावरं. पळापळ, फ्रिजमध्ये नि पिंपात लपणं, रात्रभर भीती, आणि हळूहळू उमजणं की यांना आपल्याला मारायचं असतं तर एव्हाना मारलं असतं. शिकारीच्या हौसेमुळे आणि अवैध शिकारीमुळे ही जनावरं संपत चालली आहेत, हे जगाला सांगायचं हा त्यामागचा हेतू. हेतूबद्दल मला जराही शंका नाही. दोघांचं जनावरांवर प्रेम होतं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे. लोभी माणसांनी केलेली हानी समजायला फारसा अभ्यास लागत नाही.

ट्रेनर नाही म्हणाले

त्यांची मूळ योजना साधी होती. हॉलिवुडमध्ये सिनेमासाठी शिकवलेले सिंह भाड्यानं मिळायचे, ते आणायचे. एकामागून एक प्रशिक्षकांनी नकार दिला. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं: एकमेकांना न ओळखणारे इतके सिंह एका जागी सोडले तर ते एकमेकांना फाडतील.

हे बरोबरच होतं. निसर्गात सिंहांचा कळप म्हणजे नात्यातल्या सिंहिणी, त्यांचे छावे आणि एक-दोन-तीन नर. बाहेरचा नर आला की मारामारी होते, आणि तो जिंकला तर आधीच्या नराचे छावे बहुतेक वेळा मारून टाकतो. वाघ तर एकटाच राहणारा. सिनेमाला मात्र सिंह, वाघ, बिबटे, प्यूमा, जग्वार असं सगळं एका छताखाली हवं होतं. असं दृश्य निसर्गात कुठेही नाही.

प्रशिक्षकांचा नकार हा या प्रकरणातला पहिला थांबा होता. जाणकारांनी काम अशक्य आहे असं सांगितलं होतं, एक पैसा अडकला नव्हता, एकही जनावर घरात आलं नव्हतं. मार्शल दांपत्यानं त्या नकाराचा अर्थ वेगळा लावला: दुसऱ्यांची जनावरं नकोत, आपणच छावे आणून एकत्र वाढवू.

रॉन ऑक्सली नावाच्या प्रशिक्षकानं त्यांना सल्ला दिला होता की सिंह समजून घ्यायचा तर सिंहाबरोबर राहायला हवं. त्यानं आपला नील नावाचा पूर्ण वाढलेला सिंह आणला. लॉस एंजेलिसच्या शर्मन ओक्स भागातल्या घरी नील येऊ-जाऊ लागला. १९७१ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या छायाचित्रकारानं टिपलेले त्या घरातले फोटो आजही इंटरनेटवर फिरतात. एका फोटोत हेड्रन सिंहाला टेकून वर्तमानपत्र वाचते आहे. दुसऱ्यात मेलनी पोहण्याच्या तलावात उडी घेते आहे आणि काठावरच्या नीलनं तिचा पाय पंजांनी धरला आहे.

या दुसऱ्या फोटोपाशी मला दर वेळी थांबावं लागतं. लोक त्यात मौज पाहतात. पण मांजरकुळातल्या जनावराची ती हालचाल नीट बघा. समोरून काहीतरी झटकन पळालं, पंजा आपोआप पुढे गेला. त्यात राग नाही, भूक नाही, वैर नाही. घरातलं मांजर दोरीच्या टोकावर झेपावतं तेच हे, फक्त इथे दोरीच्या जागी तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा पाय आहे आणि पंजा दीड-दोनशे किलोच्या जनावराचा आहे. त्या दिवशी नखं आत राहिली. पुढे सेटवर जे जे झालं ते सगळं या एका फोटोत आधीच दिसतं. खुद्द हेड्रननं पुढे अनेकदा कबूल केलं की सिंहाला मुलीच्या इतकं जवळ येऊ देणं हा विश्वास बसणार नाही असा मूर्खपणा होता.

छाव्यांपासून शंभरापर्यंत

मग छावे आले. सर्कशी, प्राणिसंग्रहालयं, हौसेनं पाळून पस्तावलेले मालक, सगळीकडून जनावरं येत गेली. शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, शहरात अशी जनावरं ठेवायची परवानगी नव्हती, आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेला अॅक्टनजवळच्या सोलेदाद कॅन्यनमध्ये जागा घ्यावी लागली. नदीकाठच्या त्या कोरड्या घळीत त्यांनी झाडं लावली, पाणी खेळवलं, लाकडी घर बांधलं आणि आफ्रिका उभी केली. हत्तीही आले. सिंह-वाघांसारख्या मोठ्या मांजरांची संख्या शंभराच्या वर गेली. सिनेमाच्या जाहिरातीत ती दीडशे सांगितली जायची.

इथे जरा हिशेब मांडून बघावा. बंदिस्त सिंहाला दिवसाला पाच-सात किलो मांस लागतं. शंभर जनावरं म्हणजे रोज अर्ध्या टनाच्या घरात मांस. कुंपणं, पिंजरे, राखणारी माणसं, पशुवैद्य, औषधं हे वेगळंच. कॅमेरा चालू असो वा बंद, हा खर्च रोज सकाळी उभा. सिनेमाचं वेळापत्रक सहा महिन्यांचं होतं आणि बंदिवासात सिंह पंधरा-वीस वर्षं जगतो. सहा महिन्यांच्या कामासाठी वीस वर्षांचा कर्मचारी नेमायचा, त्याला कधी काढता येणार नाही, दुसरीकडे पाठवता येणार नाही आणि रानात तर सोडता येणारच नाही, असा हा करार. तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आला नाही.

पैसा कमी पडत गेला तशी घरं विकली गेली, जमीन विकली गेली, ‘एक्झॉर्सिस्ट’मधून आलेला पैसा इकडे वळला. ३० लाख डॉलरचा अंदाज १ कोटी ७० लाखांवर गेला. बाहेरून पाहणारा म्हणेल, मध्येच थांबायचं होतं. पण थांबून जनावरांना खायला कोण घालणार? सिनेमा पूर्ण झाला तरच पैसे येणार आणि पैसे आले तरच सिंह जगणार, अशी ती गाठ बसली होती. अडकलेल्या पैशापायी माणसं चुकीचा धंदा ओढत राहतात हे आपण नेहमी पाहतो. इथे पैशाबरोबर जीवही अडकले होते, त्यामुळे सुटकेचा रस्ता आणखीच अरुंद झाला.

सेटवर

शूटिंग १ ऑक्टोबर १९७६ ला सुरू झालं. सिंह शिकवलेले नव्हते, त्यामुळे पटकथा नावापुरतीच राहिली. एकाच वेळी अनेक कॅमेरे लावायचे, माणसांना मध्ये सोडायचं आणि जनावरं काय करतील ते टिपायचं, अशी पद्धत पडली. सिनेमाच्या श्रेयनामावलीत तर जनावरांनी मनाला येईल तसंच केल्यामुळे लेखन-दिग्दर्शनाचं श्रेय त्यांनाही देत आहोत, अशा अर्थाची ओळ आहे. वाचायला ती गोड वाटते. सेटवर तिचा अर्थ असा होता की पुढच्या क्षणी काय होणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

छायाचित्रकार यान दि बाँट हॉलंडहून आलेला होता. जमिनीत केलेल्या खड्ड्यात बसून तो जनावरांच्या उंचीवरून चित्रण करत असताना एका सिंहिणीनं त्याच्या डोक्याची कातडी मागून उचलली. २२० टाके पडले. बरा होऊन तो कामावर परत आला, हे मला अजून नवल वाटतं. पुढे ‘डाय हार्ड’चं छायाचित्रण आणि ‘स्पीड’चं दिग्दर्शन करणारा तो हाच. एका सहायक दिग्दर्शकाचा गळा सिंहाच्या जबड्यात सापडला, तो थोडक्यात वाचला. जॉनच्या डोक्याला ५६ टाके पडले. हेड्रनच्या मानेला एका सिंहिणीनं धरलं, ३८ टाके. हत्तीवरून पडून तिचा पाय मोडला आणि जखम चिघळत गँग्रीनपर्यंत गेली. मार्शल भांडणाऱ्या नरांच्या मध्ये जाण्याची दृश्यं स्वतः करायचा. त्याच्या हातातून सुळे आरपार गेले आणि वारंवारच्या चाव्यांनी रक्तात जंतुसंसर्ग होऊन तो रुग्णालयात पडला. सिंहाच्या तोंडातले जंतू सुळ्याबरोबर खोल आत जातात, त्यामुळे चावा लहान दिसला तरी आत पू धरतो. तिथल्या लोकांना हे अंगावर झेलून कळलं.

मेलनीची हकीकत मला सगळ्यात बोचते. ती आधी सेट सोडून गेली होती. अर्धा चेहरा घेऊन या सिनेमातून बाहेर पडायचं नाही, असं तिनं आईला सांगितलं होतं. मग ती परत आली. एका सिंहिणीनं तिच्या चेहऱ्यावर पंजा मारला, डोळा जायची वेळ आली, प्लास्टिक सर्जरी करावी लागली. तो प्रसंग सिनेमात आहे. आणखीही काही खऱ्या जखमा सिनेमात आहेत, कारण कॅमेरे चालूच होते. तो भाग ‘थरारक’ म्हणून बघायला मला जमत नाही. पडद्यावर घाबरलेली मुलगी अभिनय करत नाही हे ठाऊक झाल्यावर प्रेक्षक म्हणून आपलीही जागा बदलते.

आणि इथे या प्रकरणातला घरगुती भाग येतो. सेटवर थांबा म्हणू शकेल असं कोण होतं? दिग्दर्शक मार्शल, नायक मार्शल, पैसा घालणारा मार्शल, घरातला कर्ता पुरुषही मार्शल. नायिका त्याची बायको, बाकीचे त्याचे मुलगे आणि सावत्र मुलगी. पगारी माणूस भीती वाटली की निघून जातो, आणि तशी बरीच माणसं निघून गेलीही. एका हल्ल्यानंतर तर वीसेक जणांनी एकदमच काम सोडलं. पोरांना तो रस्ता नव्हता. बापाला नाही म्हणणं म्हणजे बापाचं आयुष्यभराचं स्वप्न आणि घरादाराचा पैसा मोडीत काढणं. जॉननं पुढे मुलाखतींमधून वडिलांबद्दलचा राग उघड बोलून दाखवला: आपल्याच कुटुंबाला यात ओढायला नको होतं, हे त्याचं स्पष्ट म्हणणं. या एका बाबतीत मार्शलची बाजू घ्यावी असं मला कुठेच काही सापडत नाही. सुरक्षेची जबाबदारी ज्याच्यावर आणि शूटिंग पुढे रेटण्याची घाईही ज्याला, अशा एकाच माणसाच्या हाती सेट असला की अपघात व्हायचाच.

पूर

फेब्रुवारी १९७८ मध्ये मुसळधार पावसानं सोलेदाद कॅन्यनमध्ये पूर आला. पाणी सेटमधून गेलं. घर, संकलनाची सामग्री, कुंपणं, सगळं वाहिलं. फिल्मचा मोठा भाग आधीच स्टुडिओत पोचला होता म्हणून वाचला. कुंपणं पडल्यावर सिंह बाहेर पडले. रात्र, पाऊस, मोकळे सिंह, जवळपास वस्ती. शेरीफच्या शिपायांनी तीन सिंहांना गोळ्या घातल्या. त्यात रॉबी होता. सिनेमातला कळपाचा नायक सिंह तो.

शिपायांना दोष देणं सोपं आहे, पण अंधारात मोकळा सिंह समोर आल्यावर तो माणसाळलेला की बिथरलेला हे त्यांनी कशावरून ठरवायचं होतं? उलट माणसाळलेपणानंच घात केला असेल. माणसाला भिणारा सिंह उजेड आणि आवाजापासून दूर पळतो, बाटलीच्या दुधावर वाढलेला माणसांकडेच येतो. माणसाची भीती हेच सिंहाचं आणि माणसाचं दोघांचं संरक्षण असतं. हातावर वाढवलेल्या सिंहाची ती भीती जाते, झेपावण्याची खोड मात्र जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसानं घडवलेला कुत्रा वेगळा आणि एका पिढीत लळा लावलेला सिंह वेगळा.

पुराच्या आगेमागे आजाराची साथ येऊन गेली, तिच्यात चौदा सिंह-वाघ दगावले. तरीही सेट पुन्हा उभा केला, रॉबीच्या जागी दुसरा सिंह घेतला आणि काम चालू ठेवलं. १९७९ मध्ये शूटिंग संपलं. १९८१ मध्ये ‘रोर’ अमेरिकेबाहेर लागला आणि त्यानं जेमतेम २० लाख डॉलर कमावले. अमेरिकेत तो त्या वेळी लागलाच नाही. १९८२ मध्ये हेड्रन आणि मार्शल यांचा घटस्फोट झाला.

उरलेली जनावरं

सिनेमा म्हणून विषय इथे संपतो, म्हणून त्यावर लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. हेड्रनचं काम मात्र इथून सुरू झालं. १९८३ मध्ये तिनं रोर फाउंडेशन काढलं आणि सेटच्या त्याच जागेला शंबाला अभयस्थानाचं रूप दिलं. पैदास नाही, खरेदी-विक्री नाही, खेळ नाहीत. आहेत ती जनावरं मरेपर्यंत सांभाळायची आणि लोकांनी टाकून दिलेली शक्य तितकी घ्यायची. मायकल जॅक्सनच्या नेव्हरलँडमधले सबू आणि थ्रिलर हे दोन वाघ पुढे तिथेच आले. हेड्रन स्वतः त्याच आवारात राहायला गेली.

हे वाचताना तिच्याबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. सिनेमा पडल्यावर शंभर सिंह-वाघ सर्कशीला किंवा कातड्याच्या व्यापाऱ्याला विकून मोकळं होणं त्या काळात अवघड नव्हतं. तिनं तसं केलं नाही. देणग्या मागितल्या, नाव वापरलं, कायदेमंडळापुढे जाऊन साक्ष दिली. मोठी मांजरं घरी पाळण्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकण्यावर २००३ च्या कायद्यानं बंदी आली, त्यामागे तिचा पाठपुरावा होता. ज्या गोष्टीचे ‘लाइफ’मधले फोटो जगानं कौतुकानं पाहिले, तीच गोष्ट बंद व्हावी म्हणून ती लढली.

असंच एक जुनं उदाहरण शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. केनियात चित्रित झालेल्या ‘बॉर्न फ्री’ (१९६६) या सिनेमात बिल ट्रॅव्हर्स आणि व्हर्जिनिया मॅकेना हे खरे पती-पत्नी सिंहिणीला रानात सोडणाऱ्या दांपत्याच्या भूमिकेत होते. शूटिंग संपल्यावर त्यातल्या बऱ्याच सिंहांची रवानगी प्राणिसंग्रहालयांत झाली. स्वातंत्र्याची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमातले कलाकार पिंजऱ्यात गेले, हे त्या दोघांना जन्मभर खुपलं. बॉय, गर्ल आणि उगास हे तीन सिंह मात्र, ज्या दांपत्याची गोष्ट सिनेमात होती त्यातल्या जॉर्ज अॅडमसननं केनियातल्या मेरूच्या रानात नेऊन पुन्हा जंगली करायचा प्रयत्न केला. काही वर्षांनी बॉयनं अॅडमसनच्या एका माणसाला मारलं आणि अॅडमसनला स्वतःच्या हातानं त्याला गोळी घालावी लागली. १९८४ साली ट्रॅव्हर्स-मॅकेना यांनी प्राणिसंग्रहालयांतल्या जनावरांसाठी चळवळ उभी केली, तीच पुढे बॉर्न फ्री फाउंडेशन झाली. दोन सिनेमे, दोन खंड, दोन जोडपी. एक सिनेमा जगभर गाजला, दुसरा बुडाला, आणि दोन्हीकडच्या नायिका नंतर एकाच प्रश्नाच्या मागे लागल्या: या जनावराचं पुढे काय?

आपल्याकडे याचं उत्तर वनखात्याच्या कामात रोकडं बघायला मिळतं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ऊसतोडणीच्या दिवसांत फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. डोळे नुकते उघडलेली, मांजराएवढी. कुणालाही उचलून घरी न्यावंसं वाटेल अशी. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य काय करतात? पिल्लं तपासतात आणि जिथे सापडली त्याच जागी, अंधार पडायच्या सुमाराला, क्रेटमध्ये ठेवून देतात. आजूबाजूला ट्रॅप कॅमेरे, म्हणजे हालचाल होताच आपोआप टिपणारे कॅमेरे, लावून माणसं लांब जातात. मादी येते, पिल्लाला मानेला धरून उचलते आणि उसात नाहीशी होते. त्यासाठी कधी कधी पुन्हा दुसऱ्या रात्री थांबावं लागतं, पण घाई करून पिल्लाला बाटली लावत नाहीत, कारण बाटलीवर वाढलेल्या बिबट्याला पुढची पंधरा-वीस वर्षं पिंजऱ्याखेरीज दुसरी जागा नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मार्शल दांपत्याकडे पैसा होता, धाडस होतं, प्रेम होतं. एवढं एक ठाऊक नव्हतं.

सिनेमापुरतं म्हणाल तर सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल आणि माकड यांना शिकवून खेळात किंवा पडद्यावर वापरायला भारतात केंद्र सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेनं बंदी आहे. सर्कसवाले त्याविरुद्ध न्यायालयात गेले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली. आता संगणकावर वाघ इतका हुबेहूब उभा राहतो की खऱ्याची गरज उरलेली नाही. हा बदल मला मनापासून आवडतो.

२०१५ चं पोस्टर

२०१५ मध्ये ‘रोर’ अमेरिकेतल्या थिएटरांत पहिल्यांदा नीट लागला. जाहिरात अशी केली होती की या सिनेमाच्या निर्मितीत एकाही जनावराला इजा झाली नाही, सत्तर माणसांना मात्र झाली. ओळ चटकदार होती, लोकांनी ती उचलली, आणि आजही या सिनेमावर लिहिताना पहिल्यांदा तीच येते. ती खरी नाही. तीन सिंहांना गोळ्या लागल्या, चौदा जनावरं साथीत गेली, आणि बाकीच्यांचा जन्म कॅलिफोर्नियातल्या कुंपणात सरला. चित्रणाच्या क्षणी कुणी चाबूक मारला नाही, एवढंच त्या ओळीत खरं आहे. इजा म्हणजे फक्त कॅमेऱ्यासमोरची इजा, असं धरलं की सिनेमावाल्यांना सगळं माफ होतं. म्हणून मला ती ओळ गमतीची वाटत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत आणखी एक कायदा झाला. खाजगी माणसांना सिंह, वाघ, बिबटे, प्यूमा वगैरे नव्यानं पाळता येत नाहीत, आणि ज्यांच्याकडे परवाना घेऊन ही जनावरं आहेत त्यांनाही लोकांच्या हातात छावे देता येत नाहीत. यातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. छाव्याला मांडीवर घेऊन फोटो काढायचा धंदा जेमतेम काही आठवडे चालतो, नंतर छावा मोठा होतो, नखं लागू लागतात आणि धंदेवाल्याला नवा छावा हवा असतो. जुना कुठल्या तरी मागच्या आवारातल्या पिंजऱ्यात जातो. शंबालासारख्या ठिकाणी पोचणारी जनावरं याच वाटेनं आलेली असतात. आपल्या फोनवर रोज दिसणाऱ्या परदेशी चित्रफितींमध्ये कुणीतरी वाघाच्या बछड्याला बाटलीनं दूध पाजत असतं, लाखो लोक ती आवडल्याची खूण करतात. तो बछडा दोन वर्षांचा झाल्यावर कुठे असतो, हे त्या चित्रफितीखाली विचारायला हवं, आणि उत्तर मिळत नसेल तर ती पुढे पाठवू नये.